हल्ल्यानंतर, खुनानंतर: सीमाभागातल्या मराठी घरांनी काय करावं, कशाच्या आधी काय करावं

चाकूहल्ला, बलात्कार, घरात शिरून केलेली मारहाण, घरातल्या माणसाचा खून. यातलं काही तुमच्या घरात घडलं असेल तर पुढचे कित्येक महिने एकच प्रश्न तुमच्या मागे लागणार आहे: नेमकं काय झालं? डॉक्टर विचारतील, हवालदार विचारेल, गावची पंचमंडळी विचारतील, दुखवट्याला आलेले पाहुणे विचारतील, वकील विचारतील आणि शेवटी कोर्ट विचारेल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात त्यात आणखी एक भर पडते. सोसलेलं सगळं मराठीत असतं आणि कागद कन्नडमध्ये होतो.

हिंसा करणारा माणसाचा स्वतःवरचा ताबा हिसकावून घेतो. म्हणून सावरणं म्हणजे माझ्या मते तो ताबा थोडा थोडा परत मिळवणं: काय सांगायचं, कुणाला, कोणत्या भाषेत, आणि कुठे थांबायचं. पुढे जे लिहिलं आहे ते याच क्रमाने आहे. तुम्हाला स्वतःला वाचण्याचं बळ नसेल तर घरातल्या एका विश्वासू माणसाला वाचायला द्या.

पहिले तास

आधी सुरक्षित जागा, मग दवाखाना, मग ठाणं. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं दवाखान्यात कुणी म्हणालं तर मागे फिरू नका. अत्यवस्थ माणसावर पोलिसांच्या सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करणं हे सरकारी आणि खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

दवाखान्यात स्पष्ट सांगा: मारहाण झाली आहे, एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद) करा. भीतीपोटी किंवा अब्रूपोटी ‘जिन्यावरून पडले’ असं सांगितलं जातं, तेच केसपेपरवर उतरतं आणि दोन-तीन वर्षांनी आरोपीचा वकील तोच कागद पुढे करतो. मारणाऱ्याचं नाव तेव्हा सांगायचं धैर्य नसेल तर सांगू नका, पण खोटं कारण देऊ नका. जखमांच्या दाखल्याला आपल्याकडे ‘वूंड सर्टिफिकेट’ म्हणतात. ते पोलिसांकडे जातं, पण केसपेपर, एक्सरे आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती तुम्ही ठेवा. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळानिळा दिसतो, म्हणून तेव्हा पुन्हा फोटो काढा.

रक्ताचे कपडे धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो.

लैंगिक अत्याचार असेल तर शक्यतो अंघोळ न करता जा. पण अंघोळ झाली असेल, दोन दिवस उलटले असतील, तरीही जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर घेतली जाईल तितकी उपयोगी. बलात्कार आणि ॲसिडहल्ला यांत पहिले उपचार मोफत देणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. तपासणीला पीडितेची संमती लागते. ‘टू फिंगर टेस्ट’ वर (योनीत बोटं घालून केलेल्या तपासणीवर) सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा सक्त मनाई केली आहे, कुणी करायला लागलं तर थेट नकार द्या. तिचं नाव, गाव, ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापणं किंवा व्हॉट्सॲपवर पसरवणं हा गुन्हा आहे. गल्लीतल्या ग्रुपलाही हे लागू होतं.

महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. जिल्ह्याच्या ‘सखी’ केंद्रात वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा यांची सोय एकाच ठिकाणी लावून देतात.

हद्द कुणाची, हे तुमचं काम नाही

सीमेवर हा प्रश्न हमखास येतो. घर निपाणीत, हल्ला कोगनोळी ओलांडून कागलच्या बाजूला, आणि जखमीला नेलं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. किंवा चंदगडचा माणूस शिनोळीजवळ सापडला आणि उपचार बेळगावच्या सिव्हिलमध्ये. खानापूरकडे तर चोर्ला घाटात गोव्याचीही हद्द लागते. अशा वेळी ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. याला झिरो एफआयआर म्हणतात. नंतर ती योग्य ठाण्याकडे, गरज असेल तर दुसऱ्या राज्यात, पोलिसांनीच पाठवायची.

एफआयआरची प्रत तक्रारदाराला आणि पीडिताला विनाशुल्क मिळते. नोंद नाकारली तर तक्रार लेखी करून रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा: बेळगाव शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर अशा ठिकाणी जिल्हा पोलीसप्रमुखांकडे. पोस्टाची पावती जपा. तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि तिथे ती पावती लागते.

मराठीत सांगा, कन्नड कागद समजून घेऊनच सही करा

इथे मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या कितीतरी केसेस इथेच कमकुवत होतात. आपल्यातले बहुतेक जण बाजारापुरतं, कामापुरतं कन्नड बोलतात. पण घाबरलेल्या माणसाला दुसरी भाषा सुचत नाही. मोडक्या कन्नडमध्ये सांगितलेली हकिगत तुटक होते, क्रम चुकतो, आणि ‘ढकललं’ व ‘दाबून धरलं’ यांतला फरक कागदावर राहत नाही.

म्हणून ठाण्यात जाण्याआधी, किंवा दवाखान्यात पडल्या पडल्या, मराठीत लिहून काढा. लिहवत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवा. तारीख, अंदाजे वेळ, जागा, कोण होतं, हातात काय होतं, आधी काय झालं, मग काय झालं, कुणी पाहिलं. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. धक्क्यात आठवणी तुकड्यांनी येतात, हत्याराचा रंग लख्ख आठवतो आणि वेळ अजिबात आठवत नाही. हे खोटेपणाचं लक्षण नाही. रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या तर मात्र पुढे विसंगती म्हणून त्याच दाखवल्या जातात.

मराठी अर्ज देणं हा उपकार मागणं नव्हे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. सोबत कन्नड भाषांतर जोडता आलं तर उत्तम, काम सोपं होतं. भाषेचा वाद त्या टेबलावर काढू नका. तो लढा वेगळ्या जागी लढायचा आहे, आज तुमच्या माणसाची केस नीट उभी राहायला हवी. ठाण्यातले कितीतरी कर्मचारी मराठी समजतात, विनंती केली तर ऐकूनही घेतात.

तोंडी माहिती पोलिसांनी लिहून घेतली तर ती वाचून दाखवणं कायद्यानेच आवश्यक आहे. कन्नड वाचता येणारं माणूस सोबत न्या, शक्यतो घराबाहेरचं, ज्याच्यासमोर तुम्हाला संकोच वाटणार नाही असं. समजल्यावर सहीच्या वर मराठीत स्वतःच्या हाताने लिहा: ‘वरील कन्नड मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो बरोबर आहे.’ काही चुकलं असेल तर सही करण्याआधी दुरुस्ती मागा. तपासात पोलीस जे जबाब घेतात त्यांवर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हेही माहीत असू द्या.

महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे वृद्ध आणि गंभीर आजारी साक्षीदार यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. मूल लैंगिक अत्याचाराचं बळी असेल तर त्यासाठीचा पॉक्सो कायदा आणखी पुढे जातो: मुलाला समजत नसलेल्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यावाच लागतो. मागा.

पहिला महिना: शरीराचं ऐका, माणसांना आवरा

झोप न येणं, दचकणं, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणं, अन्नावरची वासना जाणं, एकदम रडू येणं किंवा अजिबात न येणं. पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना होतं आणि पुष्कळांचं हळूहळू ओसरतं. ‘मी ओरडले का नाही, पळाले का नाही’ हा प्रश्न सगळ्यात जास्त पोखरतो. त्याचं उत्तर शरीरात आहे. अतिभीतीत स्नायू गोठतात, आवाज फुटत नाही, हे आपोआप घडतं, त्याला इच्छा लागत नाही. स्वीडनमध्ये बलात्कारानंतर उपचाराला आलेल्या २९८ महिलांच्या अभ्यासात ७० टक्क्यांनी असं गोठणं लक्षणीय प्रमाणात अनुभवल्याचं सांगितलं होतं. घरातल्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं: तू तेव्हा जे केलंस त्यामुळे तू आज जिवंत आहेस.

प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला तर दोन्ही पाय जमिनीवर टेका, थंड पाणी चेहऱ्यावर घ्या, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजचा वार आणि आपण कुठे आहोत ते उच्चारून सांगा. श्वास सोडणं श्वास घेण्यापेक्षा लांबवा. रोज एका ठरावीक वेळी उठा, रात्र जागून काढली असली तरी. दारू झोप आणते असं वाटतं, पण ती झोप तुटक असते आणि भीती वाढवते. मेडिकलमधून मागून आणलेल्या झोपेच्या गोळ्या नकोत. हल्ल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा शांत करणाऱ्या गोळ्या धक्क्यावरचा उपाय म्हणून देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आता माणसांबद्दल. भेटायला येणं ही आपली चांगली रीत आहे, चूल पेटत नाही त्या घरी शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. पण प्रत्येक येणारा सगळं पहिल्यापासून ऐकायला मागतो आणि सांगणारी रोज नव्याने तिथे ओढली जाते. सगळं बोलायला लावलं की मन हलकं होतं हा समज खरा नाही. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत तपासली गेली आणि तिने पुढचा त्रास टळत नाही असंच दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या न्यू वंटमुरीत एका महिलेला विवस्त्र करून मारहाण झाली, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कोणी व्यक्ती, संघटना, पक्ष किंवा माध्यमांनी तिला रुग्णालयात भेटू नये असं बजावलं. जे न्यायालयाला करावं लागलं ते प्रत्येक घराने स्वतः करायला हवं.

दारात एक माणूस ठरवा, काका, मेहुणा, शेजारीण, कुणीही. त्याने एवढंच सांगायचं: ‘उपचार चालू आहेत, केस झाली आहे, ती आराम करतेय.’ पत्रकारांशीही तोच बोलेल. जवळच्यांनी आत बसावं आणि तिने काढला तरच विषय काढावा. ‘विसरून जा’, ‘थोडक्यात वाचलीस’, ‘तिकडे गेलीस कशाला’ ही तीन वाक्यं घराबाहेर ठेवा. चहाला काय घालू, दार उघडं ठेवू की लावू, आज कुणाला येऊ देऊ असं विचारणं किरकोळ वाटतं, पण ज्याचा ताबा गेला त्याला निर्णय परत मिळण्याची सुरुवात इथूनच होते.

घरातलं माणूस मारलं गेलं असेल तर

खुनाचं दुःख आजारपणाच्या मृत्यूसारखं नसतं. निरोप घेता आलेला नसतो, मृतदेह आधी पोलिसांचा आणि डॉक्टरांचा होतो, मग घरचा. पंचनामा आणि पोस्टमार्टम झाल्याशिवाय ताबा मिळत नाही, ही वाट सगळ्यात जड जाते. दहन किंवा दफन करण्याआधी तपास अधिकाऱ्याला विचारा की सगळे नमुने घेतले का, कारण दहनानंतर पुन्हा तपासणीचा मार्ग उरत नाही. चेहरा बघायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आधी एकाने आत जाऊन काय दिसेल ते सांगावं, मग आई-बायकोने निर्णय घ्यावा. ‘तुला झेपणार नाही’ म्हणून परस्पर अडवलेल्या बाया पुढे वर्षानुवर्षं तीच कल्पना करत राहतात, आणि कल्पना बहुधा जास्त भयंकर असते.

मुलांना खरं सांगा, थोडक्यात: बाबांना एका माणसाने मारलं, बाबा वारले, परत येणार नाहीत, यात तुझी चूक नाही. ‘गावाला गेलेत’ किंवा ‘झोपलेत’ सांगितलं तर मूल वाट बघतं किंवा झोपायला घाबरतं. अंथरूण ओलं करणं, मारामारीचा तोच तोच खेळ खेळणं, आईला क्षणभर न सोडणं यावर रागावू नका. शाळा लवकर सुरू करा आणि वर्गशिक्षिकेला आधी जाऊन सांगा, म्हणजे वर्गात कुणी विचारलं तर त्या सांभाळून घेतील.

विधवा झालेल्या बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं ही तिच्यावर झालेली दुसरी मारहाण आहे, असं मी मानतो. चिकोडी-निपाणीपासून फार दूर नाही अशा शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या. नदीपलीकडच्या गावाला जमलं ते आपल्या घराला जमेल. तिला विचारा, आणि तिच्या बाजूने उभं राहा.

रक्षाविसर्जन ते तेरावा हे दिवस माणसांनी भरलेले असतात. खरी पोकळी चौदाव्या दिवशी सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच कागदांची धावपळ. म्हणून मदत करू म्हणणाऱ्यांना तेव्हाच नावनिशी कामं वाटून द्या: कोण बँकेत जाईल, कोण नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) वंशवृक्षाचा दाखला काढेल, दर रविवारी कोण घरी येईल. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. पासबुक उघडून वर्षाला २० किंवा ४३६ रुपये कापले गेलेत का ते बघा. पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती या त्या योजना, प्रत्येकीत २ लाख मिळतात. सुरक्षा विम्यात खुनाने झालेला मृत्यूही धरला जातो. कितीतरी घरांना आपण विमा काढला होता हेच माहीत नसतं.

डॉक्टरकडे कधी, कुठे

महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, त्या रस्त्याने जाणंच बंद झालं असेल, झोप आणि काम दोन्ही बिघडलं असेल तर ही उपचार मागणारी अवस्था आहे. शोक तर वर्षानुवर्षं राहू शकतो, त्यात आजार काही नाही. पण सहा महिन्यांनंतरही तीव्रता पहिल्या आठवड्यासारखीच असेल आणि जगणं ठप्प असेल तर दाखवा. जीव द्यावासा वाटत असेल, किंवा बदला घेण्याची तयारी चालू असेल, तर एक दिवसही थांबू नका.

सगळ्यात सोपी सुरुवात १४४१६ ला फोन. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते, मोफत आहे आणि तिथे मराठी भाषा निवडता येते. प्रत्यक्ष दाखवायचं तर बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे आणि नेहरूनगरचं केएलई रुग्णालय आहे. धारवाडची डिमहान्स ही तर खास याच कामाची सरकारी संस्था. निपाणी भागातल्यांना कोल्हापूरचं सीपीआर जवळ पडतं. आत गेल्यावर पहिलाच प्रश्न विचारा: मराठीत बोलता येईल का? दुःख दुसऱ्या भाषेत सांगताना माणूस ते निम्म्यावर आणतो. दुभाषी लागलाच तर मुलाला किंवा नवऱ्याला दुभाषी करू नका, त्यांच्यासमोर बाई अर्धं गिळते.

चांगल्या उपचारात समुपदेशक आधी सुरक्षितता आणि झोप सांभाळतो, मग तुमच्या गतीने त्या आठवणीला हात घालतो. धक्क्यावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवण हाताळणं) या दोन पद्धतींना भक्कम आधार आहे, साधारण ८ ते १२ बैठका लागतात. सर्ट्रालिनसारखी औषधं परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात, मध्येच सोडू नका. सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन यल्लम्माच्या पायाशी रडून यावंसं वाटलं तर जा, भजनी मंडळात पुन्हा बसा, वारीला निघा. त्याने बळ मिळतं. फक्त देवऋषी गोळ्या बंद करा म्हणाला तर ते ऐकू नका.

भरपाई, धमक्या आणि तारखा

भरपाईचा अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. कर्नाटकाची योजना २०११ पासून आहे. आरोपी सापडला नसला तरी अर्ज करता येतो, आणि तातडीची अंतरिम मदतही मागता येते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, चौकशी १५१०० वर. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात मदत निकालाआधीच टप्प्याटप्प्याने मिळते.

‘गावातच मिटवू’ म्हणून पंच येतील. खून आणि बलात्कार हे तडजोडीने मिटणारे गुन्हे नाहीत, पंचांनी कागद केला तरी. पैसे घेऊन साक्ष फिरवली तर खटला बुडतो आणि साक्षीदार स्वतः अडचणीत येतो. धमकी आली तर तारीख-वेळ लिहा, कॉल जपा आणि २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर निर्णय घेते.

तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. खटल्यात सरकारी वकिलाच्या मदतीला तुमचा वकील देता येतो. जामिनाच्या वेळी बाजू मांडायची असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. साक्ष मराठीत द्यायची असेल तर तेही दोन दिवस आधी कळवा, कोर्टाच्या भाषेबाहेरची साक्ष नोंदवून तिचं भाषांतर करण्याची तरतूद कायद्यात आहे. आदल्या आठवड्यात रिकाम्या वेळी एकदा कोर्टात जाऊन पिंजरा, बसायची जागा, पाण्याचा नळ बघून या. साक्षीच्या दिवशी जेवून जा. प्रश्न समजला नाही तर ‘समजलं नाही’ म्हणा.

तारखेआधी आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास जुना त्रास उसळतो. आपण मागे गेलो असं समजू नका, पण त्या दिवसांत एकटे राहू नका. निकाल विरोधात गेला तर पीडिताला अपिलाचा स्वतःचा हक्क आहे, सत्र न्यायालयाच्या निकालावर ते धारवाड खंडपीठात होतं, म्हणून निकालाची प्रत लगेच मागा. आणि निकालाच्या आठवड्यातली समुपदेशकाची वेळ आधीच घेऊन ठेवा, निकाल बाजूने लागेल अशी खात्री असली तरी.